अनुस्वारबाई आणि यादीत नसलेल्या कॅटेगऱ्या

आमच्या दैनिकात त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळ्यांसाठी त्या अनुस्वारबाई. हे नाव पडलं ते एका मथळ्यामुळे. एका संस्थेच्या अध्यक्षांनी कशाबद्दल तरी खंत व्यक्त केली होती, आणि पान छपाईला निघालं तेव्हा मथळ्यात होतं, 'अध्यक्षांनी व्यक्त केली खत'. बाई मुद्रितशोधक होत्या. त्या चपला न घालता जिना उतरून छपाईखान्यात धावल्या आणि यंत्र थांबवलं. त्या दिवसापासून खरं नाव मागे पडलं ते पडलंच.

मी तिथे पानं लावायचो. माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर, मध्ये एक लोखंडी कपाट आणि त्यावर ठेवलेला बंद पडलेला पंखा. सव्वीस वर्षं त्यांनी लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मग अंक आठवड्यातून दोनदाच निघायला लागला, मुद्रितशोधनाचं खातं बंद झालं, आणि बाईंना सांगण्यात आलं की आजपासून तुम्ही वेबसाइट सांभाळा. बाईंनी कुरकुर केली, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, आणि सांभाळली.

वेबसाइटची मागची बाजू, म्हणजे बातम्या टाकायची आणि दुरुस्त करायची बाजू, वाचकाला कधी दिसत नाही. तिथे प्रत्येक बातमी म्हणजे एक पोस्ट. पोस्टला कॅटेगरी द्यायची: शहर, क्रीडा, आरोग्य, शिक्षण. याशिवाय काही कॅटेगऱ्या लपवलेल्या असत. त्यात टाकलेली पोस्ट साठवलेली राही, पण बाहेर कुणाला दिसत नसे. बाईंच्या हिशेबाने आमच्याकडे अशा पाच होत्या. ज्यात अल्पवयीन मुलांची नावं आली होती त्या बातम्या, कोर्टाने मनाई केलेल्या, घरच्यांनी विनंती करून काढायला लावलेल्या, जाहिरातींचे जुने नमुने, आणि कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचना.

त्या मंगळवारी संपादकसाहेब आमच्या खोलीत आले ते घाईतच. हे साहेब नवे, येऊन दोन वर्षं झालेली. ते उभ्यानेच बोलत, आणि बोलता बोलता मागे सरकत दारापर्यंत जात.

"बाई, सोमवारी नवी वेबसाइट सुरू होतेय. सगळ्या जुन्या पोस्ट तिकडे जाणार. पण नव्या जागी हे लपवणं-बिपवणं जात नाही म्हणे. जे जाईल ते उघड होईल."

"म्हणजे मुलांची नावंसुद्धा?"

"म्हणून तर आलोय. लपवलेल्या जेवढ्या आहेत त्यांची यादी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्या. तेवढ्या ते वगळतील. दोन क्लिकचं काम आहे."

एवढं बोलेपर्यंत ते दारात पोचले होते.

बाईंनी पोस्टची यादी उघडली. एकूण नऊ हजार तीनशे पोस्ट. वर कॅटेगरीनुसार गाळायची सोय होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. यादी उलगडली. शहर, क्रीडा, आरोग्य, शिक्षण, अशा अकरा. लपवलेली एकही नाही. त्यांनी यादी मिटली, पुन्हा उघडली. चष्मा पुसला. पुन्हा अकरा.

मग त्यांनी वेबसाइटवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मॅडम, लपवलेल्या कॅटेगऱ्या फिल्टरमध्ये येत नाहीत," पलीकडचा म्हणाला. आवाज गोड होता.

"का येत नाहीत?"

"कारण त्या लपवलेल्या आहेत."

"अहो, वाचकांपासून लपवल्यात! माझ्यापासून कशाला लपवताय? मीच लपवल्यात त्या!"

"हो मॅडम. पण सिस्टिमला ते कसं कळणार?"

"गेल्या वर्षापर्यंत मी केलेल्या मला दिसत होत्या."

"नवीन आवृत्तीत ते सुटसुटीत केलंय, मॅडम."

"सुटसुटीत," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं काही बघितलं की जणू तो शब्द मीच काढला होता. "बरं. मग मी यादी काढू कशी?"

"एकेक पोस्ट उघडून बघू शकता. पोस्ट उघडली की कडेला तिची कॅटेगरी दिसते."

"नऊ हजार तीनशे?"

"हो मॅडम. मी तुमची सूचना नोंदवून घेतो. अजून काही मदत करू शकतो का?"

बाईंनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. मग कागदावर आकडेमोड केली. दर पोस्टला अर्धं मिनिट धरलं तरी सत्त्याहत्तर तास. हातात होते साडेतीन दिवस.

दुसरा कुणी असता तर त्याने साहेबांकडे जाऊन हात वर केले असते. बाईंनी बुधवारी सकाळी साडेआठला येऊन पहिली पोस्ट उघडली. उघडायची, कडेला बघायचं, मिटायची. उघडायची, बघायचं, मिटायची. मध्येच यंत्र फिरत बसे आणि त्यांना पुन्हा पहिल्या पानावर नेऊन सोडे. त्यात त्यांची सव्वीस वर्षांची खोड आड येई. पोस्ट उघडली की त्यातली चूक दिसणार, आणि चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्याने पुढे जाववणार नाही.

"बाई, आत्ता ऱ्हस्व-दीर्घ कशाला बघताय?" मी एकदा न राहवून म्हणालो.

"दिसतं त्याला मी काय करू? डोळे मिटून घेऊ?"

दुपारनंतर त्यांची बडबड सुरू झाली. आधी पुटपुटणं होतं, मग मोठ्याने. सुटसुटीत केलंय म्हणे. यांच्या घरी कपाटाला कुलूप लावलं की किल्लीसुद्धा आतच ठेवत असतील. संध्याकाळी निघताना त्यांनी मोजलं. सहाशे चाळीस पोस्ट झाल्या होत्या. त्यात लपवलेल्या निघाल्या नऊ.

घरी काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेले. माणूस शांत, पण कुठल्याही विषयातून चौथ्या वाक्याला लिफ्टवर येणारा. बाई स्वयंपाकघरात भांडी आदळत होत्या, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"अगं, झालं काय?"

बाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका इस्पितळात पाचव्या मजल्यावर कुणी जाऊ नये म्हणून आम्ही लिफ्टमधलं पाचाचं बटण काढून टाकलं होतं. पण बटण काढलं म्हणून मजला थोडाच जातो? वरून मशिनच्या खोलीतून पाच दिला की लिफ्ट मुकाट पाचव्यावर."

"अहो, मला तुमची लिफ्ट नको! मला यादी पाहिजे!"

"मी आपलं सांगितलं," म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेले.

गुरुवारी सकाळी जे सापडलं त्याचा लिफ्टशी काडीचा संबंध नव्हता, असं बाई आजही ठासून सांगतात. असेलही तसं. मी समोर होतो म्हणून जे बघितलं ते सांगतो. त्या आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि नुसत्याच पडद्याकडे बघत बसल्या. मग फिल्टरमध्ये 'शहर' निवडलं. शहराच्या पोस्ट आल्या. मग 'क्रीडा' निवडलं, मग 'आरोग्य'. आणि त्यांची मान हळूहळू पुढे गेली. पूर्वी कच्च्या छापात काही खटकलं की जायची तशी.

"अरे, इकडे ये," त्या म्हणाल्या. "ही वरची ओळ वाच."

वरची ओळ म्हणजे पानाचा पत्ता. अक्षरं, तिरप्या रेघा आणि आकडे. ती ओळ कधी कुणी वाचतं का? बाई औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही पूर्ण वाचायच्या.

"शहर काढलं की शेवटी तीन येतो. क्रीडा काढलं की पाच. आरोग्य सहा. मग चार कुठे गेला?"

"गेला असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? पानं लावतोस ना तू? तीन नंबरनंतर पाच नंबरचं पान आलं तर सोडून देतोस?"

त्यांनी अकराच्या अकरा कॅटेगऱ्या एकेक करून काढल्या आणि प्रत्येकीचा आकडा कागदावर उतरवला. शेवटचा आकडा सतरा होता. म्हणजे सहा आकडे गळालेले. चार, सात, नऊ, बारा, पंधरा, सोळा. मग त्यांनी पत्त्याच्या ओळीत शेवटचा आकडा पुसला, स्वतःच्या हाताने तिथे चार लिहिला आणि बटण दाबलं.

पान आलं. वर जिथे कॅटेगरीचं नाव असतं ती जागा कोरी होती. पण खाली पोस्टची रांग. मुलांच्या, मुलींच्या बातम्या, एकूण अठ्ठ्याऐंशी.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. मला वाटलं आता हसतील. पण त्यांचा पारा उलट चढला.

"इतकंच होतं! एक आकडा! आणि काल दिवसभर मी मान मोडून बसले. त्या गोड आवाजाच्या माणसाला हे सांगता येत नव्हतं?"

"त्याला माहीत नसेल."

"मग तो तिथे बसतो कशाला?"

अकरा वाजेपर्यंत सात, नऊ, बारा आणि पंधरा या चार आकड्यांच्या याद्याही निघाल्या. बाईंच्या पाच कॅटेगऱ्या पूर्ण झाल्या. कागदावर फक्त सोळा उरला.

"हा सहावा कुणाचा?" त्या म्हणाल्या. "मी तर पाचच केल्यात."

त्यांनी सोळा लिहिला. एकसष्ट पोस्ट आल्या. सगळ्या चार ते सात वर्षं जुन्या, आणि सगळ्या लहान, आठ-दहा ओळींच्या. बाईंनी पहिली उघडली. कडेला कॅटेगरीचं नाव होतं, 'नंतर बघू'.

ती पोस्ट म्हणजे एक खुलासा होता. अमुक तारखेच्या अंकात एका औषध दुकानदाराबद्दल छापलेली माहिती चुकीची होती, दैनिक दिलगीर आहे, असा. दुसरीही खुलासाच. तिसरीही. एकसष्टच्या एकसष्ट. चुकीच्या छापलेल्या बातम्यांचे खुलासे, जे त्या काळच्या साहेबांनी "वेबसाइटवर टाकतो" म्हणून बाईंकडून तपासून घेतले होते. टाकले होते खरे, पण अशा कॅटेगरीत की बाहेरच्या कुणालाही ते दिसू नयेत. तक्रार करणाऱ्याला सांगायला बरं, टाकलंय म्हणून. आणि मूळ बातम्या मात्र उघड्याच, कुणीही शोधाव्यात अशा.

खालून नववी पोस्ट उघडल्यावर बाईंचा हात थांबला. त्या उठून खिडकीशी गेल्या. खाली मोटारसायकलींच्या रांगेपलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

ती पोस्ट एका शाळेच्या बसच्या चालकाबद्दल होती. सहा वर्षांपूर्वी त्याची बस शाळेच्याच फाटकावर आदळली, दोन मुलांना टाके पडले, आणि आमच्या पहिल्या पानावर आलं की चालक नशेत होता. तपासात निघालं की माणूस शुद्धीवर होता, ब्रेक निकामी होते आणि तशी तक्रार त्याने आदल्याच आठवड्यात लेखी दिली होती. तो सुटला. त्याचा आठ ओळींचा खुलासा बाईंनीच तपासला होता.

तो बाईंच्या घरामागच्या गल्लीत राहायचा. बाईंची मुलगी लहानपणी त्याच्याच बसने शाळेत जायची. खुलासा आला की नाही हे विचारायला तो तेव्हा बाईंना रस्त्यात भेटला होता. बाई म्हणाल्या, आलाय. आठवड्याने तो पुन्हा भेटला. म्हणाला, मला सापडत नाही हो. तेव्हा बाईंना कुठेतरी जायची घाई होती. त्या म्हणाल्या होत्या, "नीट बघा."

हे त्यांनी मला खिडकीकडे तोंड करूनच सांगितलं.

"मी बघितलं नाही रे," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणाले टाकलं, मी धरून चालले टाकलं. जन्मभर दुसऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि तेव्हाच ठेवला."

मग त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"झाली यादी? वा!" साहेब म्हणाले.

"पाच झाल्यात. सहावी देणार नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

साहेबांनी कपाळ चोळलं. "बाई, हे माझ्या आधीचं आहे. आपण काय जुनं उकरत बसायचं? सहावीपण यादीत घाला, वगळून टाकू. विषय संपला."

"खुलासे वगळायचे आणि चुकीच्या बातम्या नव्या वेबसाइटवर न्यायच्या?"

"मग काय एकसष्ट दिलगिऱ्या पहिल्याच दिवशी झळकवू? नव्या वेबसाइटचं उद्घाटन दिलगिरीने?"

"उद्घाटनाचं मला माहीत नाही. या यादीखाली सही माझी आहे. मुलांच्या नावांसकट पाचही याद्यांवर मी सही करते. ज्या यादीत आपण लोकांना फसवलंय, तिच्यावर करणार नाही. तुम्ही करा."

साहेबांनी हातातलं पेन खिशात ठेवलं. त्यांना सहीची आवड नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"बरं, तुमचं म्हणणं काय?"

"त्या एकसष्ट मूळ बातम्या आणि त्यांचे खुलासे, दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. मी एकेका माणसाला विचारते. ज्याला हवा त्याचा खुलासा त्याच्या बातमीच्या डोक्यावर लावून मग ती उघड करायची. ज्याला नको त्याची बातमीच काढायची."

"हे करायला वेळ कुठून आणणार?"

"तो माझा प्रश्न."

"ठीक आहे. पण रोजच्या कामात खंड पडता कामा नये," साहेब म्हणाले. बाई तोवर बाहेर आल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी बाई त्या चालकाकडे गेल्या, आणि जाताना मला बरोबर घेतलं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. एकटीने जायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. बसची नोकरी सुटल्यावर तो एका मोठ्या लाँड्रीत लागला होता. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी तिथे येत. आत शिरलो तर वाफेने बाईंचा चष्मा धुरकटला. दोन माणसं ओली चादर टोकाला धरून दोन गरम रुळांमध्ये सारत होती, आणि पलीकडून ती कडक, सपाट होऊन बाहेर येत होती. त्यातला एक तो. केस पिकलेले, हातावर भाजल्याच्या जुन्या खुणा. त्याने बाईंना ओळखलं. जोडीदाराला खूण करून तो बाजूला आला, पण बसा म्हणाला नाही.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "तुमचा खुलासा आला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी आलाय म्हणाले होते, पण तो लपवून ठेवलेला होता. मला काल कळलं."

त्याने ओले हात पुसले.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, ताई."

"हो."

"तुम्ही म्हणालात नीट बघा."

"हो, म्हणाले."

"मी नीटच बघत होतो. रोज बघायचो. कामावर जायच्या आधी बघायचो, आल्यावर बघायचो. बायको म्हणायची, तुम्हाला ते कॉम्प्युटरचं जमत नाही, दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. मला वाटलं खरंच मला जमत नाही." तो थांबला. "दोन वर्षं बघत होतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला.  त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी उघडून बघायला हवं होतं."

"आता काय करणार?"

"उद्याच टाकते. सगळ्यांना दिसेल असा."

"नको!" तो इतक्या जोरात म्हणाला की रुळांवरचा जोडीदार वळला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "सगळ्यांना कशाला? आता लोक विसरलेत. इथे कुणाला माहीत नाही मी बस चालवायचो. मुलगी नव्या कॉलेजात आहे. तुम्ही वर माझं नाव लावलंत की लोक आधी विचारणार, कसला खुलासा? काय केलं होतं याने? पुन्हा सगळं पहिल्यापासून."

"मग बातमीच काढून टाकू?"

त्याने विचार केला. मागे यंत्र घरघरत होतं.

"काढलीत तर मी सुटलो हे कुठेच राहणार नाही. आणि ज्यांनी वाचलंय त्यांच्या डोक्यात तेच राहील. तसं नको. जुनी बातमी जिथे आहे तिथेच, तिच्या डोक्यावर लिहा. जो शोधत येईल त्याला आधी ते दिसेल. नवीन म्हणून वर नका आणू. जमेल?"

"जमेल," बाई म्हणाल्या. पिशवीतून कागद काढून त्यांनी खुलासा त्याला वाचून दाखवला. तो मान खाली घालून ऐकत होता. दुसऱ्याच ओळीला त्याने थांबवलं.

"एक्केचाळीस नाही. छत्तीस होतं माझं वय तेव्हा."

बाईंनी पेन काढलं आणि वय दुरुस्त केलं. त्यांचा कान लाल झालेला मला दिसला. निघताना तो दारापर्यंत आला. माफ केलं वगैरे तो काही म्हणाला नाही. "पायरी उंच आहे, जपून," एवढंच म्हणाला.

सोमवारी नवी वेबसाइट सुरू झाली. पाचही याद्यांतल्या पोस्ट नीट वगळल्या गेल्या होत्या. बाईंनी दहा वाजता बाजूला ठेवलेली चालकाची मूळ बातमी नव्या जागी आणली, तिच्या डोक्यावर आठ ओळी लावल्या, दोनदा वाचल्या, आणि जतन केलं. मग खात्री करायला बाहेरच्या बाजूने वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, सहा वर्षांपूर्वीचा मथळा. नशेत बस चालवली.

बाईंनी जो आवाज काढला त्याने शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर आली. फोन मी लावला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, पोस्ट अपडेट केली की ती ताजी धरली जाते," पलीकडचा म्हणाला. तोच गोड आवाज. "म्हणून वर येते."

"मला ताजी नकोय! शिळीच राहू दे तिला! तशी कुठे सोय आहे?"

"तशी तर सोय..."

"नाही म्हणू नका. नाही म्हणालात तर मी तुमच्या ऑफिसात येऊन बसेन, आणि मी फार बोलते."

 पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. "मॅडम, तारखेच्या खाली एक छोटा चौकोन आहे. 'मूळ तारीख राखा'. त्यावर खूण करा."

चौकोन होता. तारखेच्या खाली, करड्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांत. खूण केली, जतन केलं, आणि बातमी आपल्या जुन्या जागी गेली. घड्याळात बघितलं तर ती वर नऊ मिनिटं होती. बाईंनी तेही लपवलं नाही. लाँड्रीत फोन करून सांगितलं की असं झालं, नऊ मिनिटं होती, आता नाही.

"मी तर कामावर आहे," तो म्हणाला. "बघितलंच नाही. ठीक आहे." आणि थोडं थांबून, "आता आहे ना तिथे? नक्की?"

"मी बाहेरून उघडून बघितलंय. माझ्या डोळ्यांनी."

उरलेले साठ बाईंनी रोजच्या कामात खंड न पाडता हाताळायला घेतले. त्याला आता चार महिने झालेत. दर गुरुवारी दुपारचा चहा झाला की त्या फोन घेऊन बसत. कुणाला बोलावंसंच वाटत नव्हतं. कुणी तासभर बोललं. एका परिचारिकेने सांगितलं, खुलासा नको आणि बातमीही नको, माझं नाव तुमच्या दारातच नको. बाईंनी दोन्ही काढलं आणि तिला तसं पत्राने कळवलं. औषध दुकानदार वारला होता. त्याच्या मुलाने खुलासा छापील अंकातही मागितला. साहेब नको म्हणाले, बाई दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा साहेबांनी सही न करताच मान हलवली, आणि तो छापून आला. पान मीच लावलं. बाईंनी त्यातला एक स्वल्पविराम हलवायला लावला.

आता तिघे उरलेत, ज्यांचे पत्ते बदलले आणि कुणाला माहीत नाहीत. त्यांतली एक परवा सापडली, दुसऱ्या गावी, मुलाकडे. बाईंनी दैनिकाचं नाव सांगताच तिने फोन ठेवून दिला. बाईंनी आणखी एक घोट चहा घेतला, "बरोबर आहे तिचं," म्हणाल्या, आणि पुन्हा नंबर लावला.